इंजिनाचे जुने तेल : नट की कॉक?

मोटारीच्या इंजिनातले जुने तेल खाली काढण्याच्या दोन रीती आहेत. सर्वत्र रूढ असलेली रीत म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी असलेला ड्रेन नट. तो पान्याने सैल करायचा, बोटांनी फिरवून बाहेर काढायचा आणि तेल गळून गेले की नवा वायसर घालून पुन्हा आवळायचा. दुसऱ्या रीतीत त्या नटाच्या जागी, त्याच आट्यांत, एक छोटा व्हॉल्व्ह कायमचा बसवलेला असतो. त्याची कळ पाव फेरा फिरवली की तेल वाहू लागते आणि उलट फिरवली की थांबते. गॅरेजमध्ये त्याला सरळ कॉक म्हणतात. हा कॉक नव्या जमान्याची सोय म्हणून विकला जात असला, तरी इंजिनाला कॉक लावण्याची पद्धत मोटारीपेक्षाही जुनी आहे. कोणत्या यंत्राला नट मिळाला आणि कोणत्या यंत्राला कॉक, हे मुख्यतः एका गोष्टीवरून ठरत गेले : तिथला द्रव किती वेळा बाहेर काढावा लागतो.

सुरुवातीच्या काळात जुने तेल काढण्याचा प्रश्नच नव्हता. वाफेच्या इंजिनांना जनावरांची चरबी आणि वनस्पती तेले वंगण म्हणून घालत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये एडविन ड्रेकची तेलविहीर लागली, त्यानंतर खनिज तेलाकडे लक्ष वळले. डॉ. जॉन एलिस यांनी १८६६ मध्ये खनिज तेलापासून वाफेच्या इंजिनांसाठी वंगण तयार केले आणि त्यातून पुढे व्हॅल्व्होलिन हे नाव रूढ झाले. १८७२ मध्ये एलायजा मॅकॉय यांनी गाडी चालू असतानाच वंगण थोडेथोडे पुरवणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. या सगळ्या व्यवस्थांमध्ये तेल एकदाच वापरले जाई. ते थेंबाथेंबाने बेअरिंगवर पडायचे, काम करायचे आणि जळून किंवा गळून जायचे. पहिल्या मोटारींची इंजिनेही अशीच होती. काचेच्या भांड्यातून थेंब किती वेगाने पडतात, यावर चालकाला नजर ठेवावी लागे. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांची फिरती इंजिने वंगणासाठी एरंडेल तेल वापरत आणि वापरलेले तेल वाऱ्यावर फेकून देत. वैमानिकांचे कपडे त्या तेलाने भिजून जात.

तेल इंजिनातच साठवून पुन्हापुन्हा फिरवायला सुरुवात झाली, तेव्हा ते मळू लागले आणि ते काढण्यासाठी तळाशी भोक ठेवणे भाग पडले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत या बदलाचे चित्र स्पष्ट दिसते. १९०८ ते १९२७ या काळात या गाडीच्या दीड कोटींहून अधिक प्रती निघाल्या. तिच्या इंजिनाला तेलाचा पंप नव्हता. फिरणारे चाक तळातले तेल उडवी, त्यातले काही एका नळीत पडून पुढच्या भागापर्यंत पोचे. तेल मोजायला आजच्यासारखी पट्टीही नव्हती. त्याऐवजी आवरणाच्या मागच्या बाजूला एकाखाली एक असे दोन छोटे कॉक होते. वरचा उघडल्यावर तेल आले तर ते जास्त झाले, खालचा उघडूनही आले नाही तर ते कमी पडले. पातळी या दोन कॉकच्या मध्ये ठेवायची, असा नियम होता. हे तपासायला चालकाला गाडीखाली वाकावे लागे. पण जुने तेल काढण्यासाठी त्याच इंजिनाच्या तळाशी कॉक नव्हता, तिथे स्क्रूसारखा आवळायचा नट होता. नव्या गाडीचे तेल पहिल्या काहीशे मैलांनंतर आणि पुढे हजारएक मैलांच्या आत बदलावे, असे फोर्डचे पुस्तक सांगे. जुने तेल काढल्यावर नट लावायचा, आत रॉकेल ओतायचे, इंजिन हाताने पंधरावीस वेळा फिरवायचे आणि ते रॉकेलही काढून टाकायचे, ही कृतीही त्यात दिली होती. एकाच इंजिनावर रोजच्या तपासणीला कॉक आणि अधूनमधूनच्या कामाला नट, ही वाटणी कारखान्याने विचारपूर्वक केलेली दिसते.

रेडिएटरची गोष्टही तीच आहे. गोठणरोधक रसायने सर्रास मिळू लागण्यापूर्वी थंड मुलखात गाडी रात्री उभी करताना रेडिएटरमधले पाणी काढून टाकावे लागे, नाही तर पाणी गोठून इंजिनाचे बीड तडकत असे. म्हणून रेडिएटरच्या तळाशी हाताने फिरवता येणारा कॉक आला. ट्रकच्या हवेच्या ब्रेकच्या टाकीत साचणारे पाणी वरचेवर काढावे लागते, तिथेही कॉकच असतो. डिझेलच्या फिल्टरखाली साठलेले पाणी सोडायलाही अशीच कळ दिलेली असते. इंजिन तेलाच्या वाट्याला मात्र नट आला, कारण वर्षातून दोनचार वेळाच उघडायच्या जागी हलता भाग ठेवणे कारखान्यांना जोखमीचे वाटले. नटात हलणारे काही नसते. वायसर ठीक असेल आणि आवळणी बरोबर असेल, तर तो वर्षानुवर्षे गळत नाही.

मधल्या काळात तेल टिकाऊ झाले. अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांचे दाटपणानुसार क्रमांक ठरवले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट स्वीटलँड यांनी प्युरोलेटर हा तेलाचा फिल्टर तयार केला आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या रिंगा काजळीने चिकटू लागल्या, तेव्हा मळ धरून ठेवणारी रसायने तेलात मिसळण्याची पद्धत सुरू झाली. असे तेल मळ स्वतःत तरंगत ठेवते, म्हणूनच ते लवकर काळे दिसते आणि म्हणूनच ते गरम असताना काढायचे असते, म्हणजे मळ तळाशी न बसता तेलाबरोबर निघून जातो. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीत फिल्टर नव्हता. तळाशी सहा नटांनी बसवलेली एक गोल पत्री होती, तिच्यावर जाळी आणि बऱ्याच मॉडेलांत मधोमध ड्रेन नट. तेल अवघे अडीच लिटर. काळजीपूर्वक काम करायचे तर दर वेळी ते सहाही नट काढून जाळी धुवायची आणि दोन्ही बाजूंचे गॅस्केट नवे घालायचे. तेल बदलणे हे तेव्हा खरोखरच वेळखाऊ काम असे.

कॉक खऱ्या अर्थाने रुजला तो विमानांत. अलास्का आणि उत्तर कॅनडाच्या बर्फाळ मुलखात १९२० आणि १९३० च्या दशकांत लहान विमाने उडवणारे वैमानिक संध्याकाळी उतरल्यावर इंजिनाचे तेल गरम असतानाच डब्यात काढून घेत आणि डबा घरात चुलीजवळ ठेवत. सकाळी ते तापवून पुन्हा ओतत. तसे केले नाही तर रात्रीत तेल इतके घट्ट होई की पंखा हलत नसे. जिथे तेल रोज काढायचे, तिथे पान्याशिवाय उघडणाऱ्या कळीची किंमत कळायला वेळ लागत नाही.

पुढे लहान विमानांसाठी तेल झटपट काढण्याचा व्हॉल्व्ह ठरावीक सुटा भाग म्हणून मिळू लागला. विमानाच्या साध्या ड्रेन नटाला आवळून झाल्यावर बारीक तारेने बांधून टाकावे लागते, म्हणजे कंपनाने तो सैल होत नाही. दर वेळी ही तार तोडायची, नवी पिळायची, टोक वळवायचे, आणि हे सगळे गरम नळकांड्यांच्या अडचणीत हात घालून. व्हॉल्व्हने ही कटकट संपवली. सेस्ना विमानांच्या पुस्तकांत त्याची कृती दिली आहे : व्हॉल्व्हच्या टोकावर रबरी नळी चढवायची, नळीचे दुसरे टोक डब्यात सोडायचे आणि व्हॉल्व्हचे टोक वर दाबायचे. आतले स्प्रिंगचे चिमटे ते उघड्या स्थितीत धरून ठेवतात. तेल गळून गेले की स्क्रूड्रायव्हरने टोक खाली ओढून व्हॉल्व्ह बंद करायचा. लायकोमिंग कंपनीच्या इंजिनांत पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असेल तर ५० तासांनी आणि नुसती जाळी असेल तर २५ तासांनी तेल बदलायचे असते. रोज उडणाऱ्या प्रशिक्षण विमानात हे काम दर काही आठवड्यांनी येते. तरीही विमानांच्या जगात हा व्हॉल्व्ह आंधळेपणाने बसवत नाहीत. चाके पोटात ओढून घेणाऱ्या विमानात तो खाली फार लांब आला, तर पुढच्या चाकाच्या सांगाड्याला लागून उघडण्याची भीती असते, आणि हवेत तेल गेले तर इंजिन गेलेच.

जमिनीवर हीच वाट मोठ्या डिझेल इंजिनांनी धरली. रेल्वेची इंजिने, जहाजांवरची यंत्रे, खाणीतली डंपर, वीजनिर्मितीचे संच यांत तेल दहावीस लिटरपासून हजारो लिटरपर्यंत असते. एवढे तेल नट काढून उघड्या भोकातून परातीत पडू देणे शक्यच नसते, तिथे कॉक आणि त्याला जोडलेली नळी लागतेच. शिवाय १९४६ पासून अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने इंजिनातल्या वापरलेल्या तेलाचे नमुने तपासून त्यातल्या धातूंच्या अंशावरून बेअरिंगची झीज ओळखायला सुरुवात केली. नमुना घ्यायला दर वेळी नट काढणे परवडत नाही, कॉक मात्र क्षणभर उघडून वाटीभर तेल घेता येते. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ पासूनची कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स, या दोन नावांमुळे महाराष्ट्रात डिझेल जनरेटरची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची मोठी फळी उभी राहिली. जनरेटरचे तेल साधारणपणे २५० तासांनी बदलतात. वीज जाण्याच्या दिवसांत संच रोज आठ तास चालला, तर महिनाभरातच ते काम येते. अशा संचांना चेंबरमधून बाहेर काढलेली नळी आणि टोकाला कॉक असतो, त्यामुळे एकटा माणूस बाजूला बसून तेल काढू शकतो.

साध्या मोटारीत मात्र नट टिकून राहिला आणि त्याच्याबरोबर त्याची दुखणीही. नट सैल करणारा कारागीर शेवटचे दोन आटे उरले की नट बोटांनी वर दाबून धरतो, तसाच फिरवतो आणि आटे सुटताच हात झटकन बाजूला घेतो. चुकला तर गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत येते आणि नट परातीतल्या काळ्या तेलात जातो. लावताना खरी कसोटी असते. होंडाच्या अनेक मोटारींत १४ मिलिमीटर आट्याचा नट ३९ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला हा जोर सुमारे २० किलोचा होतो, त्याहून जास्त नाही. पण मोजणारा पाना हाताशी नसतो आणि गळती होईल ही भीती मनात असते, म्हणून पान्यात पाइप घालून नट आवळला जातो. चेंबर पत्र्याचे होते तेव्हा हे खपून जाई. चेंबर ॲल्युमिनियमचे ओतीव होऊ लागले तसे पोलादी नटापुढे त्याचे मऊ आटे हरू लागले. आटे गेले की पुढच्या मापाचा टॅप मारून जाडा नट बसवायचा, नाही तर तारेची गुंडाळी बसवून आटे पुन्हा उभे करायचे, नाही तर चेंबरच बदलायचे. टॅप मारताना निघालेला ॲल्युमिनियमचा कीस चेंबरमध्ये पडला तर तो पुढे तेलाबरोबर फिरतो, म्हणून जाणता कारागीर टॅपच्या खाचांत ग्रीस भरतो. तांब्याचा वायसर नवा नसेल तर जुनाच वायसर ज्योतीवर लाल करून पाण्यात बुडवतात. त्याने तांबे पुन्हा मऊ होते आणि वायसर नीट बसतो. ॲल्युमिनियमच्या वायसरला मात्र हा उपाय चालत नाही, तो एकदाच दबतो.

या दुखण्यावर उत्तर म्हणून मोटारींसाठी खास कॉक तयार झाले. जपानच्या फुमोतो कंपनीचा कॉक त्यात सर्वांत परिचित आहे. त्याच्या आत भोक पाडलेला धातूचा गोळा असतो. कळ फिरवली की गोळ्याचे भोक नळीच्या रेषेत येते आणि तेल वाहते. आपोआप उघडू नये म्हणून कळ स्प्रिंगच्या दाबाने एका खाचेत बसलेली असते, ती आधी खाचेतून बाहेर काढल्याशिवाय फिरत नाही. या रचनेत एकदा बसवलेला भाग पुन्हा हलवावा लागत नाही, म्हणजे चेंबरचे आटे कायमचे वाचतात. युरोपात दुसरी पद्धत निघाली. नेदरलँड्सची फेमको आणि जर्मनीची स्टालबुस या कंपन्यांच्या व्हॉल्व्हला कळच नसते. तळाशी टोपी असते, ती काढून नळीचा जोड बसवला की तो जोडच आतली झडप उघडतो, आणि जोड काढला की झडप स्प्रिंगने मिटते. कोणाचा हात किंवा रस्त्यावरचा दगड लागून उघडण्याची शक्यता यात आणखी कमी होते.

कॉकला झटपट म्हणतात, पण तेल त्यातून झटपट जात नाही. उलट त्याचे भोक नटाच्या उघड्या भोकापेक्षा बारीक असते. व्यास निम्मा झाला तर भोकाचे क्षेत्रफळ पाव उरते, त्यामुळे चार लिटर तेल गळायला जास्त वेळ लागतो आणि थंड दाट तेल तर रेंगाळतच येते. वाचतो तो वेळ आधीचा आणि नंतरचा असतो : पाना शोधण्याचा, वायसर बदलण्याचा, हात आणि फरशी पुसण्याचा. दुसरी उणीव अशी की कॉकचा आट्यांचा भाग चेंबरच्या आत थोडा वर आला, तर त्या उंचीइतके मळके तेल तळाशीच राहते, आणि सर्वांत जड गाळ नेमका तिथेच असतो. शिवाय काही गाड्यांत नटाच्या टोकाला चुंबक असते. काढलेल्या नटाच्या टोकावर लोखंडाचा किती आणि कसा भुसा चिकटला आहे, हे पाहून कारागीर इंजिनाची तब्येत सांगतो. बारीक राखेसारखा लेप ही नेहमीची झीज, बोटाला टोचणारे कण मात्र काळजीचे. कॉक लावला की ही तपासणी गेली.

भारतीय रस्त्यांवर आणखी एक अडचण मोठी आहे. नट चेंबरच्या तळाशी जवळपास सपाट असतो, कॉक मात्र दोनतीन सेंटिमीटर खाली लोंबतो. गतिरोधकावर घासणाऱ्या, पावसाळ्यात खड्ड्यांत आपटणाऱ्या छोट्या गाडीत ते दोनतीन सेंटिमीटरच महागात पडू शकतात. खाली पोलादी संरक्षक पत्रा असेल किंवा नट तळाऐवजी बाजूला आडवा असेल, तरच तिथे कॉक सुरक्षित. जमिनीपासून उंच असलेल्या ट्रक-ट्रॅक्टरांना ही भीती कमी. मोटारसायकलींत कॉकचा फायदाच नाही. १९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाडीत तेल लिटरभर असते, नट बसल्या जागी हाताला लागतो आणि इंजिनाचा तळ रस्त्याला जवळ असतो.

गेल्या पन्नासएक वर्षांत कधी कॉकला, तर कधी नटालाही बाजूला सारणारे बदल झाले. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सुरू झालेल्या जिफी ल्यूबसारख्या साखळ्यांनी गाडी खड्ड्यावर उभी करून काही मिनिटांत तेल बदलून देण्याचा धंदा लोकप्रिय केला. खाली उभ्या कामगाराला नट काढणे सोपे झाले, त्यामुळे घरच्या घरी तेल बदलणाऱ्यांची संख्या घटली आणि कॉकची खरी गिऱ्हाइकेही कमी झाली. दुसरीकडे, तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतून बारीक नळी घालून तेल वरून ओढून घेण्याची पद्धत बोटींमध्ये आधीपासून होतीच, कारण बोटीच्या तळाशी इंजिनाखाली हात जात नाही. ती मोटारींत आली. १९९८ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या स्मार्ट गाडीच्या चेंबरला तर ड्रेन नटच दिलेला नव्हता. अलीकडे प्लॅस्टिकचे चेंबर आले. फोर्डच्या काही इंजिनांत पिवळा प्लॅस्टिकचा नट हातानेच अर्धापाव फेरा फिरवून निघतो. तो स्वस्त असतो, बदलून टाकता येतो, आणि आटे जाण्याचा जुना प्रश्न त्याने बराचसा मिटवला. तेल बदलण्याचे अंतरही वाढत गेले. मॉडेल टीच्या हजारएक मैलांवरून आज भारतातल्या बहुतेक मोटारी दहा हजार किलोमीटरवर आल्या आहेत, युरोपात काही गाड्यांना ३० हजार किलोमीटरपर्यंत मुभा असते. वर्षातून एकदा उघडायच्या भोकासाठी कायमचा व्हॉल्व्ह लावणे बहुतेक मालकांना पटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आता दुर्लक्ष करण्याजोगा राहिलेला नाही. वापरलेले तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडणे, धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यावर ओतणे, गटारात सोडणे, हे प्रकार आपल्याकडे कितीतरी वर्षे चालले. एक लिटर तेल केवढे पाणी नासवते, हे विहिरीवर जगणाऱ्या गावांना वेगळे सांगायला नको. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून तेल विकणाऱ्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तेल स्वच्छपणे, सांडलवंड न होता डब्यात भरले गेले तरच ते पुन्हा शुद्ध करायला जाते. नळी जोडता येणारा कॉक इथे नटापेक्षा निश्चित सरस ठरतो.

म्हणून निवड गाडीच्या किमतीपेक्षा कामाच्या स्वरूपावर करावी. जनरेटर, टेम्पो, ट्रॅक्टर, दिवसरात्र पळणारी टॅक्सी, ज्यांचे तेल वारंवार आणि एकाच माणसाच्या हातून बदलते, त्यांना चांगल्या बनावटीचा, खाच असलेला किंवा टोपीवाला कॉक लावणे शहाणपणाचे आहे, फक्त तो रस्त्यापासून सुरक्षित उंचीवर असला पाहिजे. घरगुती गाडीला नट पुरेसा आहे. तिच्या मालकाने दर वेळी नवा वायसर आणायचा आणि पान्यात पाइप घालणाऱ्या हाताला वेळीच थांबवायचे.